इंग्रजी ‘चेक’चं कूळ : शह, चौकडी, खजिना आणि बँकेचा कागद

मोडीवाचक

मराठीत रोज कानावर पडणारे चार ‘चेक’ आहेत. बँकेचा चेक, चेक करणे म्हणजे तपासणे, चेक्सचं कापड आणि बुद्धिबळाच्या इंग्रजी समालोचनातला चेक. हे योगायोगाने सारखे झालेले चार शब्द नाहीत. शब्द एकच आहे आणि तो बुद्धिबळाच्या पटावरून निघाला आहे.

फारसीत शाह म्हणजे राजा. समोरच्याच्या राजावर मारा आला की ‘शाह!’ म्हणून त्याला सावध करायचं, अशी रीत होती. खेळ भारतातून चतुरंग या नावाने इराणात गेला, तिथे चतरंग झाला आणि अरबीत शतरंज. अरबांकडून तो युरोपात पोचला तेव्हा शाहचं मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकस’ झालं. शब्दाच्या शेवटी येणारा ह तिथल्या लोकांच्या तोंडात बसत नव्हता, त्याचा क झाला. जुन्या फ्रेंचला सुरुवातीचा ‘स्क’ नुसता चालत नसे, आधी ए लागे. त्यातून ‘एस्चेक’ आला. इंग्रजीने सुरुवातीचा ‘एस’ गाळला आणि साधारण १३०० च्या सुमारास ‘चेक’ लिखाणात दिसू लागला. खेळाचं इंग्रजी नाव चेस हेही याच शब्दाचं जुनं फ्रेंच अनेकवचन आहे. म्हणजे चेस आणि चेक ही एकाच शब्दाची दोन रूपं.

मराठीने तोच फारसी शब्द इतका लांबचा फेरा न घेता उचलला: शह. त्यामुळे शह आणि चेक दोन्ही आज आपल्याकडे आहेत. एक थेट आला, दुसरा अरबी, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी असा फिरून.

या धाग्यावर एकेका अर्थाचा माग काढू. ज्यांना ज्या क्षेत्रातलं माहीत आहे त्यांनी नेमकं लिहावं.

प्यादेमात

चेकमेटबद्दल. ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’ असं जुन्या कोशांपासून सांगत आले आहेत, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. पण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. तो पटावरून उचललाही जात नाही; त्याला हलायला जागा उरली नाही की डाव तिथेच संपतो. फारसीत ‘मात’चा अर्थ हतबल, निरुपाय झालेला असा आहे आणि खेळाच्या नियमाशी तोच जुळतो. बऱ्याच अभ्यासकांचा कलही आता तिकडेच आहे. मराठीतही मात करणे म्हणजे ठार मारणे नव्हे. आजारावर मात केली, दुष्काळावर मात केली, म्हणजे त्याला निष्प्रभ केलं.

रशियनमध्ये तर खेळाचं नावच ‘शाखमाती’ आहे, शह आणि मात एकत्र. जर्मनमध्ये ‘शाख’ म्हणजे शहही आणि खेळही. फ्रेंचमध्ये ‘एशेक’चा रोजचा अर्थ अपयश असा झाला. परीक्षेत, धंद्यात, वाटाघाटीत आलेलं अपयश म्हणजे एशेक. त्याच शब्दाचं अनेकवचन बुद्धिबळाचं नाव आहे.

अनुवादिका

मला इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे. राजावरच्या माऱ्याचा इशारा ‘तपासणे’ या अर्थापर्यंत गेला कसा? मधल्या पायऱ्या कळल्याशिवाय ही उडी फार लांबची वाटते. भाषांतरात याच शब्दाने सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून विचारते आहे.

मोडीवाचक

@अनुवादिका, मधल्या पायऱ्या स्पष्ट आहेत. फक्त क्रम लक्षात ठेवायचा: अडवणे आधी, तपासणे नंतर.

शह बसला की खेळाडूला तीनच गोष्टी करता येतात. राजा हलवायचा, मध्ये सोंगटी घालायची, किंवा शह देणारी सोंगटी मारायची. बाकी मनात आखलेले सगळे बेत त्या क्षणी बंद. म्हणून इशाऱ्याच्या शब्दाला १४ व्या शतकातच ‘अचानक खीळ बसणे’ हा अर्थ आला. शिकारी ससाणा सावज सोडून मध्येच दुसऱ्या पाखराकडे वळला तर त्यालाही चेकच म्हणत. थांबवण्यातून आवर घालणे, ताब्यात ठेवणे आलं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चर्चेत १८ व्या शतकात गाजलेली ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ ही जोडी याच अर्थाची आहे. तिथे कोणी कोणाला तपासत नाही, एक सत्ता दुसरीला आवर घालते.

पुढची पायरी हिशेबाची. चुकीला आणि लबाडीला आवर घालायचा तर दुसरी प्रत ठेवायची आणि पहिली तिच्याशी ताडून बघायची. त्या ताडून बघण्यालाच चेक म्हणू लागले. ‘तपासणे’ हा अर्थ १७ व्या शतकाच्या अखेरीस रुळला. चेकलिस्ट १९ व्या शतकातली. हॉटेलातलं चेक इन, चेक आउट त्याहून अलीकडचं.

आपल्याकडे शह देणे पटावरून राजकारणात आलं, शहकाटशह तर वर्तमानपत्रांच्या मथळ्यात रोज असतो, पण अर्थ विरोधाशीच थांबला. तपासणीकडे तो वळला नाही, कारण आपल्या हिशेबाच्या कामात हा शब्द कधी शिरलाच नाही.

पाना_पक्कड

वर्कशॉपमध्ये जुना अर्थ अजून जिवंत आहे. यादी देतो. यातल्या एकाही ठिकाणी चेक म्हणजे तपासणे नाही.

चेकनट: सायकलच्या किंवा मोटरसायकलच्या ॲक्सलवर, चेन ॲडजस्टरवर मुख्य नटाला टेकून बसवलेला दुसरा नट. थरथराटाने मुख्य नट सुटू नये म्हणून त्याला अडवतो. बसवताना मुख्य नट एका पान्याने जागेवर धरून दुसऱ्या पान्याने चेकनट त्याच्यावर आवळायचा. एकाच पान्याने काम उरकलं तर चेकनटाबरोबर मुख्य नटही फिरतो आणि केलेली सेटिंग जाते. चेनच्या बाबतीत मग एक बाजू ताठ, एक ढिली असं होऊन चाक तिरकं बसतं.

चेक व्हॉल्व्ह: पंपाच्या लाइनवरचा, ज्याला दुकानात एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणून मागतात. पंप बंद झाल्यावर वर चढलेलं पाणी उलटं खाली येऊ देत नाही. अंगावर बाण कोरलेला असतो, तो पाण्याच्या दिशेनेच हवा. उलटा बसवला तर पंप चालतो, आवाज येतो, पण पाणी पुढे सरकत नाही.

चेक रेल: तीव्र वळणावर आतल्या रुळाला समांतर लावलेला जादा रूळ. तो आतल्या चाकाला धरून ठेवतो, म्हणजे बाहेरच्या चाकाची कड रुळावर चढत नाही.

आणि चेक डॅम. पाणलोटाच्या कामात ओढ्यानाल्यावर बांधलेला अडवणुकीचा छोटा बांध. वाहत्या पाण्याचा वेग मोडायचा, गाळ मागे बसवायचा आणि पाणी जमिनीत मुरवायचं, हे त्याचं काम.

अनुवादिका

@पाना_पक्कड, फार उपयोगी. चेक डॅमला मराठीत बंधारा आधीपासून आहेच, आणि त्यात ‘बांधणे, अडवणे’ हाच अर्थ असल्याने तो चेकच्या जुन्या अर्थाशी बरोबर जुळतो.

भाषांतर करणाऱ्यांसाठी: ‘अनचेक्ड’ दिसला की आधी वाक्यातलं नाम बघा. वाढ, सत्ता, प्रदूषण, साथ असं पसरणारं काही असेल तर ‘अनिर्बंध’ किंवा ‘बेलगाम’. फॉर्ममधला चौकोन असेल तर ‘खूण न केलेला’. सामान किंवा कागद असतील तरच ‘न तपासलेले’. सरकारी अहवालांच्या मराठी मसुद्यात ‘न तपासलेली लोकसंख्यावाढ’ असले प्रयोग होतात ते याच कारणाने: कोशातला आजचा पहिला अर्थ उचलला जातो आणि जुना अर्थ मागे राहतो.

‘होल्ड इन चेक’चंही तसंच. त्याला ‘आटोक्यात ठेवणे’ हे सरळ मराठी आहे.

खतावणी

हिशेबाकडे कोणी वळलं की मी लिहिणारच होतो. इंग्लंडच्या खजिन्याला एक्स्चेकर म्हणतात आणि तिथल्या अर्थमंत्र्याला चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर. हा शब्दही पटावरूनच आलाय. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेकियर’ म्हणजे बुद्धिबळाचा पट.

१२ व्या शतकात, पहिल्या हेन्रीच्या काळापासून, जिल्ह्याजिल्ह्याचे शेरीफ वसुलीचा हिशेब द्यायला ईस्टरला आणि मिकेलमसला म्हणजे सप्टेंबरअखेरीस खजिन्यात येत. हिशेब मांडायचा तो एका टेबलावर. खजिनदार रिचर्ड फिट्झनीलने ११७० च्या दशकात या कामाची पद्धत लिहून ठेवली, त्यामुळे मापंसुद्धा माहीत आहेत. टेबल सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद. वर ठेवलेली सोंगटी घरंगळू नये म्हणून कडेने चार बोटं उंच पट्टी. वर काळं कापड, दर ईस्टरला नवं घेतलेलं, त्यावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा.

रेघांमधले रकाने उजवीकडून डावीकडे असे: पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड, हजार पौंड. १२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. म्हणून पेनीच्या रकान्यात जास्तीत जास्त ११ सोंगट्या, शिलिंगात १९, पौंडात १९, वीसच्या रकान्यात ४ आणि शंभरात ९.

प्रत्यक्ष मांडून बघा. शेरीफकडून येणे २५७ पौंड ८ शिलिंग ५ पेनी. वरच्या ओळीत शंभरात २ सोंगट्या, वीसमध्ये २, पौंडात १७, शिलिंगात ८, पेनीत ५. त्याने भरले १८० पौंड १० शिलिंग. खालच्या ओळीत शंभरात १, वीसमध्ये ४, शिलिंगात १०. आता वरून खालचं उचलायचं. शिलिंगात ८ मधून १० जात नाहीत, म्हणून एक पौंड मोडून २० शिलिंग घेतले: २८ मधून १० गेले, राहिले १८. पौंड उरले १६. वीसच्या रकान्यात २ मधून ४ जात नाहीत, म्हणून एक शंभर मोडला, त्याचे पाच वीस आले: ७ मधून ४ गेले, राहिले ३. शंभरात उरलेला १ खालच्या १ ने गेला. बाकी तीन वीस आणि १६, म्हणजे ७६ पौंड १८ शिलिंग ५ पेनी.

हे सगळं टेबलावर का? कारण आकडे रोमन होते. रोमन आकड्यांत लिहून वजाबाकी करणं अतोनात किचकट. शिवाय शेरीफला लिहिता-वाचता येत नसलं तरी कापडावरच्या सोंगट्या सगळ्यांना दिसत. एका बाजूला खजिन्याचे लोक, दुसऱ्या बाजूला शेरीफ, मध्ये रेघांचं कापड आणि सरकणाऱ्या सोंगट्या. फिट्झनील स्वतःच लिहितो की हे बुद्धिबळासारखं दिसतं आणि खजिनदार व शेरीफ यांच्यात लढत चालते, म्हणून हे नाव.

खतावणी

पावतीचं राहिलं. भरलेल्या पैशाची पावती म्हणजे हेझलच्या लाकडाची काठी, टॅली. खाचांची रुंदी ठरलेली: १००० पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी, १०० पौंडांना अंगठ्याएवढी, २० पौंडांना करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या पिकल्या दाण्याएवढी, शिलिंगला त्याहून बारीक आणि पेनीला नुसती एक चीर. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. खाचा दोन्ही भागांवर येतात. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, एक खजिन्यात. पुढे वाद झाला तर दोन्ही जोडून बघायचे. एकाने गुपचूप खाच वाढवली तर दुसऱ्यावर ती नसते, आणि लाकडाचे तंतू दुसऱ्या कुठल्या काठीशी जुळत नाहीत.

ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ ला संसदेच्या भट्ट्यांत जाळल्या. भट्ट्या प्रमाणाबाहेर तापल्या आणि त्या रात्री वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा जवळजवळ सगळा जळाला. ‘हिशेब टॅली होत नाही’ असं आपले अकाउंटंट म्हणतात, तो टॅली हाच.

दर्शनी_हुंडी

खतावणींनी सुंदर लिहिलंय. बँकेच्या चेककडे येऊ. तो अरबी ‘सक्क’ या शब्दावरून आला असं अनेक ठिकाणी ठामपणे लिहिलेलं असतं. सक्क म्हणजे लेखी पैशाचा दस्त, अनेकवचन सुकूक. इस्लामी रोख्यांना आजही सुकूक म्हणतात. अब्बासी काळात असे लेखी आदेश व्यापारात चालत. उच्चार जवळचा, काम जवळचं. मग हीच व्युत्पत्ती का मानू नये?

मोडीवाचक

@दर्शनी_हुंडी, हा प्रश्न यायलाच हवा होता, कारण ही व्युत्पत्ती वरवर फारच पटते. अशा वेळी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ. इंग्रजीत १८ व्या शतकाच्या सुरुवातीला या व्यवहारात ‘चेक’ हे नाव पैसे द्यायच्या आदेशाला नव्हतं, ते प्रतिपत्राला होतं. म्हणजे कागद फाडून दिल्यावर वहीत उरणाऱ्या अर्ध्याला. फसवणुकीला आवर घालणारा भाग तो चेक. खतावणींनी सांगितलेल्या काठीचाच हा कागदी अवतार. सक्कवरून शब्द आला असता तर आधी आदेशाला तो लागला असता.

दुसरी, त्याआधी त्या वस्तूला काय म्हणत. लंडनच्या सराफांवर काढलेले असे आदेश १७ व्या शतकाच्या मध्यापासून आहेत. त्यांना बिल किंवा ड्रॉन नोट म्हणत. वस्तू आधी आली, चेक हे नाव मागाहून चिकटलं.

तिसरी, वाट. अरबी शब्द इंग्रजीत यायचा तर स्पॅनिश, इटालियन किंवा फ्रेंचमध्ये त्याच्या खुणा हव्यात, शाहच्या आहेत तशा. पण फ्रेंचने चेक हा शब्द इंग्रजीकडून घेतला, तोही उशिरा. फ्रान्सचा चेकबद्दलचा पहिला कायदा १८६५ चा आहे. आणि मध्ययुगीन बँकिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेल्या इटलीत चेकला ‘असेन्यो’ म्हणतात. अरबी शब्द भूमध्य समुद्र ओलांडून कोणालाही न शिवता थेट लंडनला पोचला असं मानावं लागेल.

चौथी, वर्णरचना. ब्रिटिश लेखनात शेवटी येणारी ‘क्यूयूई’ ही अक्षरं एक्स्चेकरच्या प्रभावाने आली. अमेरिकेने जुनी ‘सीके’च ठेवली. भारतातला १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट ब्रिटिश वळणाचा, म्हणून आपल्याकडे क्यूयूई.

वस्तूचा इतिहास आणि शब्दाचा इतिहास वेगळे ठेवावेत. लेखी आदेशाने पैसे देण्याची रीत अरब व्यापाऱ्यांकडे फार आधीपासून होती, हे खरं. आपल्याकडे हुंडीही होती. पण म्हणून चेक हा शब्द हुंडीवरून आला असं कोणी म्हणत नाही. सक्कच्या बाबतीत केवळ ध्वनी जवळचा आहे म्हणून मोह होतो.

दर्शनी_हुंडी

इटलीचा मुद्दा निर्णायक वाटतो. एक उपप्रश्न: हुंडीच्या प्रकारांत शहाजोग हुंडी असते. त्यातला शहा आणि बुद्धिबळातला शह एकच का?

खतावणी

नाही. शहाजोग हुंडीचे पैसे कोणालाही मिळत नाहीत. बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या सावकारामार्फतच ती वटते. तो शहा म्हणजे असा पतदार माणूस. त्याचं नातं साहू, साव, सावकार या कुळाशी लावतात, फारसी राजाशी नाही. तुमच्या दर्शनी हुंडीत दाखवताक्षणी पैसे, मुदती हुंडीत ठरलेल्या दिवसांनी.

प्रतिपत्राबद्दल जोडतो. आपल्याकडच्या जुन्या चेकबुकात डावीकडे छिद्रांच्या रेघेपलीकडे अरुंद प्रतिपत्र असे: तारीख, नाव, रक्कम, शिल्लक. आता बहुतेक बँकांच्या चेकबुकात त्याऐवजी नोंदीची एकदोन पानं असतात. ज्या भागावरून चेकला नाव मिळालं तो भागच गेला. नोंद मात्र तितक्याच नेमाने करावी. चेक न वटता परत आला की कोणता चेक कोणाला, कोणत्या तारखेचा दिला हे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ च्या, म्हणजे न वटलेल्या चेकबद्दलच्या, नोटिशीला उत्तर देताना आधी लागतं.

प्यादेमात

चेक्सच्या कापडाचं कोणी लिहिलं नाही. पटाला फ्रेंचमध्ये एस्चेकियर, त्यावरून इंग्रजीत चेकर्ड म्हणजे चौकटीचौकटींचं, त्याचा संक्षेप चेक. भारतातल्या आणि इराणातल्या जुन्या पटाला ६४ घरं होती, पण ती नुसत्या रेघांची, एकाच रंगाची. घरं आलटून पालटून दोन रंगांत रंगवायची पद्धत युरोपातली. ‘चेकर्ड करिअर’ म्हणजे चढउतारांची कारकीर्द, ती या काळ्या-पांढऱ्या घरांवरून.

अवांतर, पण इथेच सांगायला हवं: आपली सतरंजी. फारसी-अरबी शतरंजी, म्हणजे शतरंजच्या पटासारखी वीण असलेलं जाजम. पुढे पट्ट्यापट्ट्यांची विणली तरी नाव तेच राहिलं. पोर्तुगीजमध्येही शतरंजवरून आलेला ‘शद्रेश’ हा शब्द खेळालाही आहे आणि चौकड्यांच्या कापडालाही. पटावरून कापडाला नाव देण्याची गोष्ट अशी तीन ठिकाणी घडली.

अनुवादिका

सतरंजीचं ऐकून फार आनंद झाला. दोन शंका उरल्या. ‘चीट’ म्हणजे फसवणे, हा एक्स्चेकरचा नातेवाईक आहे का? आणि अमेरिकेतले आपले लोक रेस्टॉरंटमध्ये बिलाला चेक म्हणतात, तो कुठला?

मोडीवाचक

चीट वेगळा. तो ‘एस्चीट’वरून आला: वारस नसलेली जमीन सरंजामदाराकडे परत जाणे. ती ताब्यात घेणारे अधिकारी लबाडी करत, त्यातून फसवणुकीचा अर्थ. दिसायला एस्चेकच्या जवळचा, मुळात लॅटिन ‘पडणे’ या धातूचा. चेक प्रजासत्ताकातला चेक हे लोकांचं नाव, त्याचाही संबंध नाही.

अमेरिकन बिल मात्र घरातलंच. प्रतिपत्रावरून चेकला ‘जुळवून बघायचा तुकडा’ हा अर्थ आला आणि अमेरिकेत तो फोफावला. रेल्वेत सामान दिलं की एक बिल्ला पेटीला, त्याच क्रमांकाचा दुसरा प्रवाशाला. उतरताना दोन्ही जुळले की पेटी ताब्यात. तो बॅगेज चेक. नाट्यगृहात कोट ठेवल्यावर मिळतो तो कोट चेक. हॉटेलात काय काय दिलं याची वेटरची चिठ्ठी, जी गल्ल्यावर ताडून बघायची, तीही चेक. बेसबॉलचा सामना पावसाने बंद पडला तर तिकिटाचा उरलेला भाग दाखवून पुढच्या सामन्याला बसता यायचं, तो रेनचेक, १८८० च्या दशकातला. आज कोणी ‘रेनचेक घेतो’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘आत्ता नको, पुन्हा कधीतरी’. भाषांतरात पाऊस आणू नये.